पांझराकाठच्या गाळकामासाठी घेतलेली सल्लागार सेवा

पांझरा नदीकाठच्या सुशोभीकरणाआधी पात्रातील गाळ काढायचा असल्याने आम्ही धुळ्यातील एका पर्यावरण सल्लागाराची सेवा घेतली. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम आधीच तपासणे) अधिसूचनेत जानेवारी 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नदी, बंधारे व कालव्यांच्या देखभालीसाठी काढल्या जाणाऱ्या गाळाला पर्यावरणीय पूर्वमंजुरीतून सूट आहे. परंतु तिच्या आडून वाळू उपसता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत ठामपणे सांगितले, आणि मला तीच त्यांची सर्वांत मोलाची बाजू वाटते. पात्राच्या प्रत्येक आडव्या छेदावर, म्हणजे पात्र आडवे कापल्यासारखे दाखवणाऱ्या आकृतीवर, गाळ कुठे संपतो आणि वाळूचा थर कुठे लागतो, हे त्यांनी वेगळ्या रंगांत दाखवले. काठच्या विहिरींची पाणीपातळी मात्र मागितल्यावरच अहवालात आली. विहीर-बागायतीवर जगणाऱ्या खानदेशात ही उणीव लहान नाही. शुल्क वाजवी आहे.