रेटिना पडद्यासाठी फोटो: एकच मोठी फाइल, सोर्ससेट की सीडीएन?

येवल्याच्या पैठणीचं दुकान ऑनलाइन आणायचं म्हटलं की मालकाची पहिली अट ठरलेली असते: पदरावरची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, स्पष्ट दिसली पाहिजे. गिऱ्हाइकाचीही एक अट असते, ती तो बोलून दाखवत नाही. पान उघडायला वेळ लागला की तो सरळ मागे जातो. दोन्ही अटी सांभाळायचे मार्ग बरेच आहेत. कुठला घ्यायचा हे तुमच्याकडे फोटो किती, ते कशाचे आणि साइट रोज कोण हाताळतं यावर ठरतं.

आधी थोडा हिशेब. २०१० साली आयफोन ४ दाट पिक्सेलांचा ‘रेटिना’ पडदा घेऊन आला आणि वेबसाइटच्या लेखी एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल, हे समीकरण मोडलं. आज कितीतरी अँड्रॉइड फोन ब्राउझरला आपली रुंदी ३६० सांगतात, पडद्यावर मात्र १०८० पिक्सेल असतात. म्हणजे तिप्पट. रुंदी आणि उंची दोन्ही वाढत असल्यामुळे दुप्पट घनतेला चौपट पिक्सेल लागतात आणि तिप्पट घनतेला नऊपट. एवढे खरंच लागतात का? फोटोच्या बाबतीत दुपटीच्या पुढचा फरक हातातल्या फोनवर सहसा जाणवत नाही. ट्विटरनेही २०१९ मध्ये फोटो दुपटीवरच थांबवायचं ठरवलं होतं. मीही तिथेच थांबतो आणि पुढची बहुतेक तुलना दुप्पट धरूनच करतो. लोगो आणि चिन्हं यातून वगळा. ती एसव्हीजीमध्ये (पिक्सेलऐवजी रेषा-आकार साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) ठेवली की कुठल्याही पडद्यावर धारदार दिसतात.

एकच मोठी फाइल, पण जोरात दाबलेली

ही युक्ती २०१२ च्या सुमाराची, आणि अजून चालते. फोटो दुप्पट मापाचा ठेवायचा आणि जेपेगची क्वालिटी एरवी ८० ठेवता तिथे ४०-४५ वर आणायची. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतो. जास्त दाबलं की खराबी याच चौकोनांत दिसते. दुप्पट घनतेच्या पडद्यावर हे चौकोन निम्मे होतात आणि खराबी डोळ्यांना सापडत नाही. एका फोटोला एक फाइल, कोडमध्ये काहीही बदल नाही.

ज्यांच्या साइटवर पाच-दहा फोटो आहेत आणि ते वर्षातून एकदा बदलतात, त्यांनी इथेच थांबावं. दवाखाना, वकिलाचं ऑफिस, दोन खोल्यांचा होमस्टे यांना याहून जास्त काही लागत नाही.

अडचण यादीच्या पानावर येते. फाइल कितीही दाबली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल मेमरीत ४ बाइट खातो. २००० बाय १३३३ चा एक फोटो म्हणजे साधारण साडेदहा एमबी. असे वीस फोटो एका पानावर टाकले की दोनशे एमबीच्या वर जातं, आणि स्वस्त फोन स्क्रोल करताना अडखळायला लागतो. इंटरनेट कितीही वेगवान असलं तरी.

सोर्ससेट: खरं काम इथे आहे

सोर्ससेट (srcset) हे फोटोच्या एचटीएमएल टॅगमधलं एक ॲट्रिब्यूट. त्यात एकाच फोटोच्या अनेक मापांच्या फाइली देऊन निवड ब्राउझरवर सोडतात. त्याचे दोन प्रकार. पहिल्यात फक्त ‘एकपट’ आणि ‘दुप्पट’ अशी नावं द्यायची. प्रोफाइल फोटोसारख्या ठरलेल्या मापाच्या चित्राला हे पुरतं. फोनवर आणि डेस्कटॉपवर रुंदी बदलत असेल तर उपयोगाचं नाही.

दुसऱ्यात प्रत्येक फाइलची रुंदी लिहायची, म्हणजे ४००, ८००, १२००, १६००. आणि सोबत साइझेस (sizes) या ॲट्रिब्यूटमध्ये तो फोटो पानावर किती जागा घेणार ते सांगायचं. बहुतेक साइट मार खातात त्या या साइझेसमध्ये. ते लिहिलंच नाही तर ब्राउझर फोटो पडदाभर रुंद आहे असं गृहीत धरतो. ३६० रुंदीच्या फोनवर दोन कॉलममध्ये पैठण्या मांडल्यात, तर एका फोटोला जागा मिळते साधारण १६८. तिप्पट घनतेला ५०४ पिक्सेल पुरतात. साइझेस नसेल तर ब्राउझर १०८० ची फाइल शोधतो. म्हणजे साडेचारपट पिक्सेल, आणि तेही प्रत्येक साडीमागे! दुपटीवर थांबायचं असेल तर तेही इथेच करता येतं: घनता अडीचपटीच्या वर असेल तर खऱ्या जागेच्या दोन-तृतीयांश रुंदी सांगायची. थोडी थाप आहे, पण चालते. फक्त चित्राची दिसणारी रुंदी सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) बांधलेली हवी.

वर्डप्रेसवाल्यांना सोर्ससेट २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून आपोआप मिळतं, म्हणून अनेकांना वाटतं की काम झालं. पण तुमच्या थीममध्ये कॉलम किती हे वर्डप्रेसला माहीत नसतं, त्यामुळे त्याचं साइझेस बऱ्याचदा ढोबळ असतं. दुसरी गोष्ट, मूळ फोटोच्या प्रमाणात असलेली मापंच तो एकत्र घेतो. उभ्या फोटोतून कापलेल्या चौकोनी थंबनेलला त्याच आकाराचा मोठा भाऊ मिळाला नाही तर ते रेटिनावर पुसट दिसतं, आणि मालक फोटोग्राफरला बोल लावतो. थीममध्ये त्याच प्रमाणाचं दुप्पट माप नोंदवलं की प्रश्न मिटतो.

पन्नासच्या वर उत्पादनं असतील तर हाच मार्ग घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा नीट बसवला की मासिक खर्च शून्य.

फॉरमॅट: वेबपी की एव्हिफ?

लोक सुरुवात इथून करतात. खरं तर मापं बरोबर झाल्यावर इथे यावं. चुकीच्या मापाची फाइल नव्या फॉरमॅटमध्ये घातली तरी ती चुकीच्याच मापाची राहते.

वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला. सफारीने २०२० मध्ये घेतल्यापासून तो बिनधास्त वापरता येतो. तो जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान असल्याचा दावा गूगलचाच; मोझजेपेगसारख्या चांगल्या एन्कोडरने बनवलेल्या जेपेगशी तुलना केली तर अंतर कमी होतं. एव्हिफ त्याच्याही पुढचा. क्रोममध्ये २०२० ला, फायरफॉक्समध्ये २०२१ ला, सफारीमध्ये २०२२ ला आला. जुन्या आयफोनसाठी पिक्चर टॅगमध्ये जेपेगची जोड ठेवली की झालं. एव्हिफ बनवायला मात्र वेळ लागतो. शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटींनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) शेकडो फोटो एकदम बदलायला घेतले तर सर्व्हर धापा टाकतो, म्हणून ते काम आपल्या कॉम्प्युटरवर करून मग अपलोड केलेलं बरं.

आता फोटो कशाचा आहे ते बघा. तारकर्लीचा किनारा, वर मोकळं आकाश, निळ्या रंगाच्या सावकाश बदलणाऱ्या छटा, हा एव्हिफचा हातखंडा. फाइल खूप लहान होते आणि आकाशात पट्टे पडत नाहीत. पैठणी नेमकी याच्या उलट. जोरात दाबलं की एव्हिफ बारीक पोत गुळगुळीत करतो. रेशमाचं विणकाम जाऊन कापड प्लास्टिकसारखं दिसायला लागतं. वेबपीची अडचण वेगळी. नेहमीचा लॉसी (थोडी माहिती टाकून फाइल लहान करणारा) वेबपी रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलला एकदाच साठवतो, त्यामुळे राणी रंगावरच्या हिरव्या मुनियेची कड किंचित पसरते. यादीच्या पानावर फाइल दुप्पट मापाची असल्याने हे दिसत नाही. झूम करून काठ बघणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसतं. साडी घेणारं गिऱ्हाईक झूम करतंच. म्हणून यादीसाठी वेबपी, आणि झूमसाठी जास्त क्वालिटीचा एव्हिफ, रंग ४:४:४ ठेवून, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा साठवून. स्क्वूश हे मोफत टूल ब्राउझरमध्येच दोन्ही बाजू शेजारी दाखवतं. आपल्या चार साड्या त्यात टाकून फोनवर बघा, दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यांवर जाऊ नका.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर दिसणारं चित्र मात्र साधं जेपेगच ठेवा. आणि दुकानातून फोटो व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर मुनिया तुमच्यापर्यंत येण्याआधीच पुसट झालेली असते.

इमेज सीडीएन

इमेज सीडीएन म्हणजे फोटो आपल्या सर्व्हरवरून गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारी सेवा. क्लाउडिनरी, इमेजकिट, क्लाउडफ्लेअर इमेजेस यांसारख्या सेवांना मूळ फोटो एकदा द्यायचा. फोटोच्या वेब पत्त्यात रुंदी लिहिली की त्या मापाची फाइल तयार होऊन येते, आणि ब्राउझरला चालेल तो फॉरमॅटही त्याच निवडतात. रोज नवा माल चढत असेल आणि तो चढवणारा माणूस तांत्रिक नसेल, तर पैसे इथे घालावेत. साइझेस मात्र इथेही तुम्हालाच लिहावं लागतं. ते सेवेत आपोआप येतं असा अनेकांचा समज असतो. ट्रॅफिक वाढलं की बिल वाढतं, आणि फोटोंचे पत्ते त्या कंपनीच्या नावाचे असतील तर पुढे सोडून जाणं जिकिरीचं होतं. आपल्या डोमेनचा पत्ता वापरता येत असेल तर तोच घ्या. मूळ फोटोंची प्रत हार्ड डिस्कवर वेगळी ठेवा.

कुठलाही मार्ग घ्या, पानाच्या वरच्या पहिल्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो पडद्याजवळ आल्यावरच मागवणं) लावू नका. पान वेगवान आहे की नाही हे गूगल ज्या मापाने बघतं त्यातल्या एलसीपीमध्ये (सर्वात मोठा घटक दिसायला लागणाऱ्या वेळेत) बऱ्याचदा तोच फोटो मोजला जातो, आणि तो अडीच सेकंदांत दिसायला हवा. खालच्या फोटोंना लेझी जरूर लावा, आणि सगळ्यांना रुंदी-उंची लिहा, म्हणजे पान लोड होताना उड्या मारत नाही.

तपासणी करताना एक खोच आहे. मोठी फाइल कॅशेत (ब्राउझरच्या आधीच्या साठ्यात) असली तर क्रोम लहान फाइल मागवतच नाही. त्यामुळे डेस्कटॉपवर खिडकी लहान करून बघितलं की सोर्ससेट बिघडलंय असं वाटतं. कॅशे बंद करून, फोनचं माप निवडून पान नव्याने उघडा आणि क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये कुठल्या रुंदीची फाइल आली ते वाचा.