सीडी प्लेअरचा ट्रे अडकलाय: घरी उघडावा, कारागिराकडे द्यावा की बदलून टाकावा?

ओपनचं बटण दाबलं, आत काहीतरी गुणगुणलं आणि ट्रे जागचा हलला नाही. अशा प्लेअरचं काय करायचं हे ठरवताना लोक तीन गोष्टी बघतात: तो किती जुना आहे, केवढ्याला घेतला होता आणि कोणत्या कंपनीचा आहे. या तिन्हींचा दुरुस्तीशी फारसा संबंध नाही. महागड्या प्लेअरमध्येही ट्रे बहुधा एका बारीक रबरी पट्ट्यावरच चालतो, साध्या प्लेअरमध्येही तसाच, आणि रबर दोन्हीकडे सारखंच म्हातारं होतं. आधी कळायला हवं ते एवढंच की अडकलंय नेमकं काय: रबर, ग्रीस, प्लास्टिक की वीज. ते कळलं की पुढचा निर्णय बराचसा आपोआप होतो.

झाकण उघडण्याआधी कान लावा

मोटर गुणगुणते पण ट्रे हलत नाही, किंवा बोटाने जरा ओढ दिली की सुरळीत बाहेर येतो: पट्टा घसरतोय. ट्रे अर्धा आत जाऊन परत बाहेर येतो: बहुतेक वेळा इथेही पट्टाच. प्लेअरचा नियंत्रक ट्रे पूर्ण बंद झाल्याचा निरोप एका छोट्या स्विचकडून घेतो. काही सेकंदांत तो निरोप आला नाही, तर वाटेत काहीतरी अडकलंय असं धरून तो मोटर उलटी फिरवतो. म्हणजे पट्टा चांगला असून स्विच कळकट झाला असला, तरी लक्षण अगदी हेच दिसेल.

ठरावीक अंतराने टक्, टक् असा आवाज येत असेल तर दातेरी चाकाला तडा गेलाय किंवा दाता तुटलाय. अजिबात आवाज नसेल तर मोटर, तिला वीज पुरवणारी आयसी (छोटी चिप) किंवा बटणच गेलेलं असू शकतं, आणि मग हा यांत्रिक बिघाड राहत नाही. ट्रे झकास चालतो पण पडद्यावर ‘नो डिस्क’ येतं, तेव्हा ट्रेला हात लावायचं कारण नाही. तिथे लेन्सवरची धूळ, डिस्क दाबून धरणारी चकती किंवा रुळावर रुतलेलं लेझरचं पिकअप (लेझर आणि लेन्स बसवलेला सरकता भाग) तपासायचं.

ट्रेची मोटर एकटी दोन कामं करते, हे कळलं की अर्धं निदान सोपं होतं. आधी ती ट्रे आत ओढते. मग तीच एका खाचेच्या चाकामार्फत लेझर आणि स्पिंडल (डिस्क फिरवणारा दांडा) बसवलेला तक्ता वर उचलते, आणि वरची चकती चुंबकाने स्पिंडलला चिकटून डिस्क मध्ये पकडते. उघडताना हे उलट्या क्रमाने घडतं, म्हणून मोटरला सगळ्यात जास्त जोर अगदी सुरुवातीला, त्या चुंबकाची पकड सोडवताना लागतो. पट्टा ढिला झाला की पहिली हार इथेच होते. आत डिस्क नसेल तर चकती आणि स्पिंडल एकमेकांच्या आणखी जवळ येतात आणि पकड घट्ट होते. त्यामुळे ‘डिस्क असली तर उघडतो, रिकामा असला तर नाही’ ही तक्रार ऐकायला चमत्कारिक वाटली तरी अगदी खरी असते. तात्पुरता उपायही त्यातच आहे: नवा पट्टा येईपर्यंत आत एक डिस्क राहू द्या.

पट्टा आणि ग्रीस: घरच्या टेबलाचं काम

स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर पट्टा बदलायला कारागीर लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. प्लग काढायचा, थोडा वेळ थांबायचं (वीजपुरवठ्याच्या भागातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो, तिकडे बोट न्यायचं नाही), झाकण काढायचं. काही प्लेअरमध्ये पट्टा ट्रेच्या पुढच्या बाजूला समोरच दिसतो. काहींत ट्रे पूर्ण काढल्यावर सापडतो. ट्रे बंद असताना अडकला असेल तर पकडीने खेचू नका, दाते मोडतात. पट्ट्याची पुली, म्हणजे पट्टा ज्यावर चढवलेला असतो ते चाक, बोटाने फिरवली की तक्ता खाली उतरतो आणि ट्रे हळूच सुटतो. बऱ्याच प्लेअरच्या तळाला त्यासाठी भोकही ठेवलेलं असतं.

नवा पट्टा घेताना एक गफलत सर्रास होते. जुना पट्टा ताणून वाढलेला असतो, त्यामुळे त्याचं माप तसंच्या तसं घेतलं तर नवाही ढिला निघतो. घेर साधारण पाच टक्के कमी घ्या. फार घट्टही नको, कारण मग मोटरच्या दांड्यावर सतत ओढ पडते आणि ती कण्हत फिरते. कापाचा आकारही जुळायला हवा, चौकोनी पट्ट्याच्या जागी चौकोनीच. पुडक्याला लावायचं रबरबँड एक-दोन आठवडे चालतं आणि मग मूळ दुखणं परत येतं. जुना पट्टा गरम पाण्यात उकळून आकसवण्याची युक्तीही तशीच: दोष पट्ट्यातच आहे हे सिद्ध करायला उत्तम, इलाज म्हणून कुचकामी.

पट्टा बसवण्याआधी पुल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ही पायरी गाळणारे बरेच असतात, आणि नवा पट्टाही घसरतो म्हणून नियंत्रकाला दोष देतात. काही जुने पट्टे वितळून डांबरासारखे काळे होतात, तो लगदा पुलीच्या खाचेतून पूर्ण निघाला पाहिजे. अॅसिटोन मात्र जवळही आणू नका, प्लेअरमधलं बरंचसं प्लास्टिक त्याने विरघळतं.

वाळलेलं ग्रीस हा दुसरा गुन्हेगार, आणि तो पट्ट्याइतकाच निरुपद्रवी आहे. पिवळसर, मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस आधी पूर्ण काढायचं, मगच प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस अगदी पातळ थरात लावायचं. जुन्यावरच नवं थापलं तर दोन्हींचा मिळून चिखल होतो. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे इथे मारू नका. तो पट्ट्यावर उडतो, लेन्सवर बसतो आणि थोड्या दिवसांत उडूनही जातो. लेझर ज्या धातूच्या दांड्यावर सरकतं तिथे हलक्या मशीन ऑइलचा एखादा थेंब पुरतो.

झाकण उघडं असताना प्लेअर चालू करून बघावंच लागलं, तर लेन्सकडे वाकून पाहू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा असतो. दिसत नाही म्हणून तो बंद आहे, असं नसतं.

तुटलेलं प्लास्टिक: इथे वाटा फुटतात

दातेरी चाक तुटलं की पर्याय तीन: चिकटवणं, तेच चाक मिळवणं, किंवा दुसऱ्या प्लेअरमधून काढणं. पहिला मी बाद करतो. मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेलं छोटं चाक तडकतं तेव्हा दोन दात्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. गोंद तडा भरतो, अंतर कमी करत नाही, म्हणून टकटक तशीच राहते. त्यातून सुपरग्लूच्या वाफेचा पांढरा थर लेन्सवर बसला तर ट्रे दुरुस्त आणि प्लेअर आंधळा, अशी गत होते. थ्रीडी प्रिंटचा पर्याय मोठ्या दात्यांच्या चाकाला ठीक आहे, पण केसाएवढ्या दात्यांवर घरगुती प्रिंटर अडखळतात.

सुटं चाक मिळालं तर घरी बसवता येतं, एका अटीवर. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या आणि चाकांवरचे ठिपके, बाण किंवा छोटी भोकं कोणासमोर कोण आहेत ते टिपून ठेवा. एक दाता पुढेमागे झाला तर ट्रे पूर्ण बंद होण्याआधीच तक्ता उचलू लागतो आणि आणखी काहीतरी मोडतं. इतका धीर नसेल तर हे काम कारागिराचं.

‘पूर्ण मेकॅनिझम’ विकत घेताना सावध राहा. सोनीच्या केएसएस-२१३ पिकअपवर आधारलेला केएसएम-२१३ हा संच असंख्य कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसलेला आहे, आणि तो सहज मिळतो म्हणून लोक मागवतात. त्यात लेझर, स्पिंडलची मोटर आणि पिकअप सरकवणारी यंत्रणा असते. ट्रे, त्याचा पट्टा, उचलणारं चाक यातलं काहीच नसतं. अडकलेल्या ट्रेसाठी हा संच घेणं म्हणजे दार अडकलं म्हणून आतला सोफा बदलणं. पिकअपच रुळावर रुतलं असेल किंवा त्याचा गिअर झिजला असेल, तर मात्र हाच पर्याय सगळ्यात सुटसुटीत ठरतो. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका दिलेला असतो. रिबन केबल जोडल्यावर तो काढावा लागतो, नाहीतर नवा लेझर पेटतच नाही. सोल्डरिंगचा सराव नसेल तर एवढ्या कामापुरतं तरी कारागिराकडे जाणं शहाणपणाचं.

१९८० च्या दशकातल्या फिलिप्सच्या बऱ्याच प्लेअरमध्ये पिकअप रुळावर सरकत नाही, एका फिरत्या हातावर बसलेलं असतं. त्या हाताला दातेरी चाकं नाहीत, त्यामुळे लेझर रुतण्याचा हा प्रकार तिथे उद्भवतच नाही. ट्रे अडकला तर दोष नेहमीच्या यादीतलाच, आणि असा प्लेअर टाकून देणं मला तरी पटत नाही.

एक डिस्क, पाच डिस्क, तीनशे डिस्क

एक डिस्कचा साधा ट्रे हा घरच्या दुरुस्तीसाठी सर्वांत सोयीचा. वरून झाकण उघडणाऱ्या प्लेअरमध्ये तर ट्रेच नसतो, तिथे अडकलं तर झाकणाची कडी किंवा झाकण बंद झाल्याचं सांगणारा स्विच, बस्स.

पाच डिस्कच्या फिरत्या थाळीचा चेंजर त्यामानाने नखरेल. थाळी कुठे थांबवायची हे खालचे प्रकाशाचे सेन्सर सांगतात, आणि ते धुळीने मंदावले की थाळी फिरत राहते किंवा भलत्याच जागी थांबते. सेन्सर पुसणं आणि पट्टे बदलणं घरी जमेल. चाकांची सांगड नव्याने लावायची वेळ आली तर ज्याने आधी असे चेंजर उघडलेत त्यालाच द्या, आणि देण्याआधी तसं विचारूनही घ्या. सहा डिस्कचं मॅगझिन (डिस्क भरून आत सरकवायची पेटी) असलेल्या प्लेअरमध्ये, उदाहरणार्थ पायोनियरच्या, आधी मॅगझिनच तपासा: त्यातली वाकडी बसलेली एखादी पातळ पट्टी अडकायला पुरेशी असते. सोनीचे २०० आणि ३०० डिस्कचे चेंजर उघडायचे असतील तर हलवण्याआधी सगळ्या डिस्क काढा. तिरका केला की एखादी डिस्क खोबणीतून सुटते, आत पडते, आणि पट्ट्याचं साधं दुखणं मोठं होतं.

स्लॉटमधून डिस्क गिळणारे प्लेअर मी शक्यतो कारागिराकडेच पाठवीन. रबरी रोलर, स्प्रिंगांचे हात, सेन्सर, सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं, आणि डिस्क अर्धवट अडकलेली असताना झाकण उघडलं तर ती हमखास चरे घेऊन बाहेर येते. आठ सेंटीमीटरची छोटी डिस्क किंवा कागदी लेबल चिकटवलेली डिस्क यात घालूच नये.

कारागिराकडे जाताना, आणि दुसरा प्लेअर घेताना

कारागिराला ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. आवाज येतो का, डिस्क असताना आणि नसताना फरक पडतो का, गरम झाल्यावर सुधारतो का, हे सांगा. याने त्याचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाचतात. काढलेला भाग परत मागा. ट्रेच्या तक्रारीवर कोणी उघडूनही न बघता लेझर बदलायला सांगत असेल, तर प्लेअर उचलून घरी आणा.

त्याच काळातला दुसरा वापरलेला प्लेअर घेण्यात एक विरोधाभास आहे: त्यातला पट्टाही तितकाच म्हातारा. तुमच्या पट्ट्याने मान टाकली, त्याचा अजून टाकायचा आहे, एवढाच फरक असू शकतो. विक्रेत्याने आधीच चार वेळा उघडझाप करून दाखवलेला ट्रे काहीही सिद्ध करत नाही, कारण पट्टा एकदा फिरला की त्याचा ताठरपणा जातो आणि काही वेळ तो नीट चालतो. प्लेअर काही तास बंद राहिलेला हवा, आत डिस्क नको, आणि मग पहिल्याच दाबाला ट्रे उघडायला हवा. उघडला तर पुढची बोलणी करा.

अगदी नवा प्लेअर तेव्हाच, जेव्हा लेझर आणि यंत्रणा दोन्ही गेलीत आणि सुटे भाग मिळत नाहीत. नुसत्या गाण्यांशी मतलब असेल तर संगणकाच्या ड्राइव्हवरून डिस्क फ्लॅक फाइलमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) उतरवून घेणं हा प्लेअरला पूर्ण वगळणारा मार्गही आहे. आणि जुना प्लेअर द्यायचाच ठरला तर ट्रेची मोटर, चांगली दातेरी चाकं, चुंबकाची चकती आणि स्प्रिंगा एका डबीत काढून ठेवा, डबीवर मॉडेलचं नाव लिहा. तेच मॉडेल वापरणाऱ्या कोणाला तरी नेमकं तेच चाक हवं असतं.