वॉकिंग पॅड, आठ महिने आणि तेरा बीप

माझं वॉकिंग पॅडचं मशीन, म्हणजे घरातल्या घरात चालायचा फिरता पट्टा, बंद पडलं म्हणून लिहायला बसले आहे, नाहीतर एवढा वेळ कुणाला आहे! परवा शुक्रवारी पहाटे पट्ट्याने दोन आचके दिले, पडद्यावर एररचा कोड आला आणि मी सव्वापाचला हॉलच्या मधोमध स्टॅच्यू.

मोटर, रिमोट वगैरे तपशिलात जात नाही. धरायला दांडा नसलेला, ताशी ६ किलोमीटरपर्यंत जाणारा, दिवाणाखाली सरकणारा नेहमीचा पॅड. सेलमध्ये १४,४९९ रुपयांना घेतला. मुलुंड पूर्वेला वन बीएचके, ऑफिस फोर्टला. सव्वाआठची गाडी पकडायची आणि परत उंबरठ्यात पाऊल टाकेपर्यंत आठ. आधी ऑफिसजवळच्या जिमचे वर्षाचे १२,००० भरून मी ११ वेळा गेले होते. तो विषय घरात अजून निघतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याशेजारी राहणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

पॅड चालतो छान. मोटरची घरघर पंख्याच्या आवाजात विरून जाते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "वर काही कुटता का?" म्हणून ११०० रुपयांची रबरी मॅट टाकली. तो प्रश्न मिटला. राहिला तो बीप.

हा बीप बंद करायची सोयच नाही. बटण नाही, सेटिंग नाही, माहितीपुस्तिकेत अवाक्षर नाही. स्विच लावला की एक. स्टार्टला एक. मग तीन-दोन-एक मोजताना तीन. पट्टा ताशी एकच्या वेगाने सुरू होतो आणि दर दाबाला अर्ध्याने वाढतो, म्हणजे माझ्या साडेचारच्या वेगाला पोचायला आणखी सात. थांबवताना शेवटचा एक. एकूण तेरा. रिमोट उशीखाली दाबून पाहिला, पण आवाज रिमोटमधून येतच नाही, पॅडमधून येतो. आमच्या सासूबाई हॉलमध्येच झोपतात. पहिल्या दिवशी त्या अंधारात उठून बसल्या, "मायक्रोवेव्ह कुणी लावला गं एवढ्या पहाटे?" पुढे त्यांना सवय झाली म्हणा किंवा त्यांनी नाद सोडला. पुटपुटत उठायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. मला मात्र अपराधी वाटायचं. पहिले तीन आठवडे मी सात बीप वाचवायला एकच्याच वेगाने चालले. त्या वेगाने लग्नाच्या पंगतीत वाढपीसुद्धा चालत नाहीत.

बरं, डॉक्टरांनी सांगितलेले आठवड्याचे १५० मिनिटं काही केल्या जमेनात. सलग अर्धा तास मोकळा मिळाला तर मी झोपेन. मग कळलं, की जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत निदान दहा मिनिटं सलग व्हायलाच हवीत ही जुनी अट काढून टाकली आहे. चार मिनिटं चाललात तरी ती धरली जातात. मला केवढं हायसं वाटलं! सकाळी बारा मिनिटं, रात्री कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेरा. दिवसाचा हिशोब बसला. पण दोनदा चालायचं म्हणजे सव्वीस बीप. रात्रीचे तेरा सासूबाईंच्या मालिकेत.

आता सर्व्हिस. तक्रार शुक्रवारीच नोंदवली. शनिवारी दिवसभर दार अर्धवट उघडं ठेवून बसले, आणि संध्याकाळी मेसेज: 'ग्राहक घरी नसल्याने तक्रार बंद.' तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, की मोटर वॉरंटीत आहे, पट्टा नाही, व्हिजिटचे पैसे वेगळे. घेऊ नका, माझं स्पष्ट मत.

हे इथवर रविवारी लिहिलं होतं. आज शनिवार आहे आणि वरचं निम्मं मागे घ्यायचं आहे.

सोमवारी संध्याकाळी मेकॅनिक आला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, चपला बाहेर काढून. पट्टा कडेने उचलून खाली हात फिरवला आणि बोटं मला दाखवली. कोरडी ठक्क. "ताई, ऑइल कधी टाकलं?" एकदाही नाही. पुस्तिकेत महिन्यातून एकदा लिहिलंय. मी बीपसाठी ती पुस्तिका चारदा चाळली, ते पान प्रत्येक वेळी ओलांडलं. तेल नसलं की पट्टा खालच्या फळीवर घासतो, मोटरवर ताण येतो आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. ह्यांनी खोबरेल सुचवलं होतं. तो हसला. सिलिकॉन ऑइलच लागतं, दुसऱ्या तेलाने पट्टा खराब होतो. बाटली ३४० रुपये. पट्टा उजवीकडे सरकला होता, तोही मागचा बोल्ट पाव पाव वळसा फिरवून मधे आणला.

मग त्याने मशीन लावून बघितलं. बीप, बीप, बीप. माझा चेहरा बघून म्हणाला, "आवाज कमी करून देऊ?" पुढचं झाकण उघडलंच होतं. आत बटणाएवढी काळी गोल डबी, तिच्या भोकावर त्याने काळ्या इन्सुलेशन टेपचे तीन तुकडे चिकटवले. संपलं! आठ महिने मी ज्यावर जळफळत होते, ते दोन मिनिटांचं काम. आता बीप म्हणजे मांजराची शिंक. त्याचे पैसे घेईना. कंपनीने मात्र व्हिजिटचे जीएसटीसकट ७६७ लावले, ते मी विसरलेले नाही.

हिशोब कॅलेंडरवर टिपून ठेवते. १३१ दिवस, २४६ किलोमीटर. सीएसएमटीहून रेल्वेने पुणे १९२, म्हणजे पुणे मागे टाकलं, दौंड यायचं आहे. मॅट, तेल, दुरुस्ती धरून खर्च १६,७०६. किलोमीटरला जवळपास ६८ रुपये, रिक्षाने स्वस्त पडलं असतं. वजन दीड किलो उतरलं. पडद्यावरच्या कॅलरींवर जाऊ नका, तो आपलं वजनच विचारत नाही, मग मोजतो कशावरून?

एक नवी अडचण आहे. बीप ऐकू येत नाही, त्यामुळे सासूबाईंना जाग येत नाही. गेले चार-पाच दिवस पॅडवरून उतरल्यावर चहा माझा मीच करते.