सेबेन्झा ३१, पॅरामिलिटरी २ आणि बगआउट: रोज खिशात ठेवायला कोणता?

रोज खिशात ठेवायचा चाकू घेताना मी स्टीलचं नाव सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते पातं धारेच्या लगेच वर किती पातळ आहे. जाड पात्याने सफरचंद कापून बघा, अर्ध्यात गेलं की ते पाचरीसारखं शिरतं आणि फोड कट्‌ करून फुटते, म्हणजे ती कापली गेलीच नाही. पुठ्ठ्याचं पण तेच, जाड पातं मध्येच अडकतं, मग आपण जोर लावतो आणि हात सटकतो तो तिथेच.

या बाबतीत बेंचमेडचा बगआउट मला सगळ्यात आवडला. पात्याची पाठच साधारण २.३ मिमी, पातं ८२ मिमी लांब आणि अख्ख्या चाकूचं वजन ५२ ग्रॅम! खिशात आहे हे खरंच विसरायला होतं. उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून असलेल्या लॉकचा (याला अ‍ॅक्सिस लॉक म्हणतात) दांडा दोन्ही बाजूंनी ओढता येतो त्यामुळे डावखुऱ्यांना पण काही अडचण नाही. मूठ प्लास्टिकची आहे, जोरात आवळली की किंचित दबते, वजन एवढं कमी करायचं तर ते होणारच, पण लाकूड तासायचं वगैरे असेल तर हा घेऊ नका.

स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २ हातात घेतला की फरक लगेच कळतो, जी१० ची (काचतंतू आणि रेझिनच्या कडक थरांची) मूठ खरखरीत, ओल्या हातातून पण निसटत नाही, आणि पात्याच्या मुळाशी बोटासाठी खाच आहे त्यामुळे बारीक कामाला पुढे धरता येतो. याचं कंप्रेशन लॉक मुठीच्या पाठीच्या बाजूला आहे, म्हणजे मिटताना एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही. मला विचाराल तर नवीन माणसासाठी हे सगळ्यात सुरक्षित लॉक. पाठ ३.७ मिमी असली तरी पातं पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत जातं म्हणून कापतं छान. पण ११० ग्रॅमच्या आसपास वजन आणि तो पाठीवरचा उंचवटा, पातळ कापडाच्या पँटमध्ये नाही आवडला मला.

आता सेबेन्झा. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. बनवणारा क्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, पुढे अमेरिकेत आयडाहोमध्ये स्थायिक झाला, आणि मुठीच्या टायटॅनियमच्या पट्टीलाच काप देऊन तिचंच लॉक करायचं ही कल्पना त्याचीच, आज ज्याला सगळे फ्रेमलॉक म्हणतात ती. यात एवढं काय आहे ते फोटोत कळत नाही, उघडून सुटा केल्यावर कळतं. माझ्याकडे आधी दुसऱ्या एका कंपनीचा टायटॅनियमचा चाकू होता, दिसायला देखणा, पण पिव्होटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा स्क्रू जरा आवळला की पातं जड फिरायचं, जरा ढिला केला की पातं डावी-उजवीकडे हलायचं, आणि मधली जागा सापडली की पंधरा दिवसांत स्क्रू आपोआप सैल! सेबेन्झात पिव्होटभोवती एक बुशिंग, म्हणजे धातूची छोटी नळी असते, तिची लांबी पातं आणि दोन्ही वॉशरच्या जाडीशी इतकी तंतोतंत जुळवलेली की स्क्रू शेवटपर्यंत आवळायचा, बस. पातं तरीही मऊ फिरतं आणि हलत नाही. सुटा करा, पुसा, ग्रीसचा एक थेंब लावा, परत आवळा, पहिल्यासारखा. त्या जुन्या चाकूचं लॉक पात्याला चिकटून बसायचं, सोडवताना अंगठा दुखायचा. सेबेन्झा ३१ मध्ये लॉक आणि पात्याच्या मध्ये सिरॅमिकची गोळी आहे म्हणून तो त्रासच नाही. मोठा साधारण १३३ ग्रॅम, छोटा ८५. रोजसाठी छोटाच घ्या, मोठा खिशात लटकतो.

मग माझी निवड? एकच ठेवायचा असेल तर छोटा सेबेन्झा, कारण दहा वर्षांनी पण तो मी स्वतः खोलून नीट करू शकेन याची खात्री वाटते. पण त्याची किंमत बाकी दोघांपेक्षा खूपच वर जाते, आणि फक्त खोके, टेप, सुतळी एवढंच कापायचं असेल तर बगआउट घ्या, कापण्यात तुम्ही काहीही गमावत नाही.

स्टीलबद्दल थोडंसं. हे तिन्ही वेगवेगळ्या स्टीलमध्ये मिळतात, एस३०व्ही, एस४५व्हीएन किंवा २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट. घामाने किंवा खाऱ्या हवेत गंजण्याची भीती असेल तर मॅग्नाकट शोधा, गंजाला ते या तिघांत सगळ्यात चांगलं तोंड देतं आणि धारही सहज तुटत नाही. धार लावायला मात्र साधा दगड वापरू नका, या स्टीलमधले व्हॅनेडियमचे कण फार कडक असतात, दगड नुसता घासत राहतो. बारीक डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी) घ्या, आणि धार पूर्ण बोथट व्हायची वाट न बघता आठवड्याला चार-पाच हलके हात मारत जा.