चामड्यासाठी हातमशीन घेताना: घरगुती, पॅचर की लिव्हरचे?

छंद म्हणून चामड्याच्या वस्तू करणाऱ्याने मशीनची किंमत विचारण्याआधी आपल्याला शिवायच्या थरांची एकत्रित जाडी मोजावी, कारण निवडीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

सोलापुरात अनेक घरांत पडून असलेले हातदांड्याचे जुने काळे मशीन बकरीच्या मऊ कातड्याचे दोन थर, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, चांगले शिवते. फक्त १८ क्रमांकाची, चामड्यासाठीची धारदार टोकाची सुई लावावी. खालचे दाते मागच्या बाजूवर ठसे उमटवतात आणि दाबाचा फूट चामड्याला चिकटतो, म्हणून टेफ्लॉनचा फूट बसवणे इष्ट. पाकिटे व लहान बटवे एवढेच करायचे असतील, तर नवे मशीन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्यांकडे दिसते ते पॅचर वेगळ्या रीतीने चालते. त्यात चामडे पुढे सरकवण्याचे काम वरचा दातेरी फूटच करतो आणि तो चहूबाजूंनी फिरत असल्यामुळे वस्तू न वळवता हवी ती दिशा धरता येते. शिवाय खालचा हात निमुळता असल्याने पिशवीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत सुई पोहोचते. उजवा हात चाकावर असतो, चामडे एकट्या डाव्या हाताने सांभाळावे लागते, त्यामुळे लांब पट्ट्यावरची सरळ शिलाई सहज वाकडी जाते. स्वस्त चिनी पॅचरच्या फुटाचे दाते इतके तीक्ष्ण असतात की ते कानसीने घासून बोथट केल्याशिवाय दर्शनी बाजू त्याखाली देऊच नये. बॉबिनही लहान असते, ती वारंवार भरावी लागते. तरीही पिशव्या आणि दुरुस्ती यांसाठी मी पॅचरच सुचवेन.

अमेरिकी बनावटीचे टिपमन बॉस हे लिव्हरचे हातमशीन लिव्हरच्या एका ओढीत एक टाका घालते आणि पाऊण इंचापर्यंतची जाडी पेलते. पण ते परदेशातून मागवण्याचा खर्च पाहता नियमित विक्री नसलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

थोडेच जाड पट्टे करायचे असतील, तर आरी आणि दोन सुयांची हातशिलाई सरस ठरते. मशीनच्या टाक्यात वरचा व खालचा धागा एकमेकांत अडकलेला असतो, त्यामुळे एक तुटला की शिवण उसवू लागते. हातशिलाईत एकाच धाग्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून जात असल्याने तसे सहसा होत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आणि सोलापूर जिल्ह्याचाही समावेश असलेल्या कोल्हापुरी चपलेची पारंपरिक शिवण तर चामड्याच्या वादीची असते, तिच्यासाठी यांपैकी एकही मशीन उपयोगी नाही.