मांडीवरून सीटवर: आमच्या चाइल्ड सीटचा दीड वर्षाचा अनुभव

बेळगावहून कोल्हापूरला निघालो की आमच्या गाडीत एक ठरलेला क्रम असे. धाकटा आजीच्या मांडीवर बसायचा, वंटमुरी घाटापर्यंत गप्प राहायचा, हत्तरगीच्या टोलनाक्यापाशी चुळबुळ सुरू करायचा आणि संकेश्वर मागे पडले की आजी, आई आणि पुढच्या दोन सीटांमधली फट अशी त्याची फिरती चालू व्हायची. तवंदी घाट उतरेपर्यंत गाडीतले सगळेच थकलेले असत. दीड वर्षापूर्वी सुमारे सात हजार रुपयांना चाइल्ड सीट घेतली ती सुरक्षिततेसाठी. प्रवास सुखाचा होईल अशी अपेक्षा मला तरी नव्हती.

ही सीट जन्मापासून १८ किलो वजनापर्यंतच्या मुलांसाठी आहे. १३ किलोंपर्यंत ती मागे तोंड करून बसवता येते, त्यानंतर पुढे तोंड करून. सीटवर ईसीई आर ४४/०४ या चाइल्ड सीटच्या सुरक्षा मानकाचे नारिंगी लेबल आहे आणि घेताना मी पाहिलेली पहिली गोष्ट तीच. आमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक नसल्यामुळे ती गाडीच्याच पट्ट्याने बांधावी लागते. मागे तोंड करून बसवताना पट्टा जेमतेम पुरला. तेव्हा सीट विकत घेण्याआधी दुकानदाराला ती आपल्याच गाडीत बसवून दाखवायला सांगावे.

पहिला विरोध घरातूनच झाला. ‘‘लेकराला असं बांधून घालतात होय गं?’’ असे आजीने विचारले, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत धाकट्याने तिचीच बाजू घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावल्यास १००० रुपयांचा दंड आहे, हा माझा युक्तिवाद तिला पटला नाही. पटले ते तिसऱ्या फेरीत, जेव्हा निपाणीपर्यंत तिची मांडी मोकळी राहिली आणि तिला डुलकी काढता आली.

खरा फरक पडला तो सीट पुढे तोंड करून बसवल्यावर. मांडीवरच्या मुलाला बहुतेक वेळ समोरच्या सीटची पाठच दिसते. या सीटवर तो बराच उंच बसतो आणि खिडकी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, यमगर्णीजवळचा वेदगंगेचा पूल, सगळे त्याचे त्याला दिसते. शेजारी बूस्टरवर (मोठ्या मुलांना उंच बसवणाऱ्या बैठकीवर) बसणारी सहा वर्षांची थोरली गाड्यांच्या नंबर प्लेटा वाचते: केए २२ आपली, केए २३ चिकोडीची, कोगनोळीचा टोलनाका आला की एमएच ०९ वाढू लागतात. धाकट्याला अजून अक्षरे येत नाहीत, तरी तो प्रत्येक गाडीला ‘‘आपली!’’ म्हणून ओरडतो. मोबाइल देण्याची वेळ आता क्वचितच येते.

गोव्याच्या वाटेवर मात्र या सीटने आमची परीक्षा घेतली. दोन वर्षांखालील मुलांना गाडी सहसा लागत नाही. आमचा मुलगा नुकताच दोन ओलांडून गेला होता आणि सीट अजून मागे तोंड करूनच होती. चोर्ला घाटाच्या वळणांवर त्याला पहिल्यांदा उलटी झाली. (सीट उलटी, म्हणून उलटी, हा आमच्या ह्यांचा विनोद त्या क्षणी मुळीच आवडला नाही.) कानाच्या आतल्या भागाला वळण जाणवते, पण डोळ्यांपुढे न हलणारी सीटच असते, आणि या विसंगतीने मळमळते. तरीही १३ किलो होईपर्यंत सीट फिरवली नाही, कारण धडकेत लहान मुलाची मान आणि डोके त्याच स्थितीत अधिक सांभाळले जाते. त्याऐवजी घाटापूर्वी दूध आणि कुंदा बंद केला व जांबोटीला दहा मिनिटे थांबू लागलो.

त्या दिवशी सीटचा सर्वात मोठा दोष कळला. कव्हर काढायला इलास्टिकचे हूक एकेक करून सोडवावे लागतात, खांद्याचे पट्टे मागून ओढून काढावे लागतात आणि पावसाळ्यात फोमचा थर दोन दिवस वाळत नाही. दुसरा त्रास चिरमुऱ्यांचा. एकदा बक्कल लागेचना. टॉर्चने पाहिले तर खाचेत एक चिरमुरा अडकला होता, तो शेवटी हेअरपिनने काढला. आता गाडीत चिरमुरे मिळतात ते फक्त थांब्यावर. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बक्कलाचे धातूचे टोक चटका देण्याइतके तापते, म्हणून वर ओला पंचा टाकून ठेवतो.

थंडीत पहाटे निघताना जाड स्वेटर काढूनच पट्टा लावावा, कारण स्वेटरवरून घट्ट वाटणारा पट्टा प्रत्यक्षात सैल असतो. स्वेटर वरून पांघरता येतो. कानटोपीला मात्र हरकत नाही, आणि आजीची तीच अट होती.

धाकटा आता १४ किलोंचा आहे, म्हणजे ही सीट अजून वर्षभर तरी पुरेल. पुढची घेताना मी आधी कव्हर काढून पाहणार आहे, मग किंमत विचारणार आहे.