सीदा, इनारी : दीड तासात न मावणारे संग्रहालय

फिनलंडच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे, सुमारे तीन हजार बेटे पोटात घेऊन पसरलेल्या इनारी सरोवराच्या काठी त्याच नावाचे एक छोटे गाव आहे, आणि ‘सीदा’ हे सामी लोकांचे, म्हणजे उत्तर युरोपातील मूळ रहिवाशांचे, संग्रहालय त्या गावात आहे. आमच्या सहलीच्या आयोजकांनी त्यासाठी दीड तास राखून ठेवला होता. तेवढ्या वेळात आतले निम्मे दालनही धड पाहून झाले नाही आणि बाहेरचा खुला विभाग तर राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी सहलीला रजा देऊन मी एकटाच परत गेलो आणि संध्याकाळपर्यंत तेथे रमलो.

‘सीदा’ हा उत्तर सामी भाषेतला शब्द आहे. शिकारीचे रान, मासेमारीचे पाणी आणि कुरणे सामाईक राखून ऋतूनुसार मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबांचा समूह, असा त्याचा अर्थ आहे. नाव केवळ शोभेसाठी ठेवलेले नाही, हे दालनात थोडे हिंडल्यावर कळते. २०२२ मध्ये नव्याने मांडलेल्या मुख्य प्रदर्शनाचे नाव इनारी सामी भाषेत आहे आणि त्याचा अर्थ ‘या भूमी आमची लेकरे आहेत’ असा होतो. सामी येथे पाहण्याची वस्तू नसून सांगणारे आहेत, आणि माझ्या मते या संग्रहालयाचे वेगळेपण त्यातच आहे. २०२४ चा युरोपीय सर्वोत्कृष्ट संग्रहालय पुरस्कार त्याला मिळाला, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

सर्वाधिक वेळ मी परत आलेल्या वस्तूंपाशी घालवला. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दोन हजारांहून अधिक सामी वस्तू २०२१ मध्ये येथे परत आल्या. जुन्या पोशाखाची शिवण किंवा पट्ट्याची वीण पाहून नवा पोशाख करू इच्छिणाऱ्या कारागिराला आता नमुना पाहण्यासाठी राजधानी गाठावी लागत नाही.

खुला विभाग मात्र मुळात एका हानीतून उभा राहिला आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लॅपलंडमधील, म्हणजे फिनलंडच्या या उत्तर भागातील, वस्त्या जाळल्या आणि विस्थापित होऊन परतलेल्या अनेकांच्या हाती केवळ राख लागली. जे वाचले ते तरी टिकावे म्हणून एका सामी संस्थेने १९५९ मध्ये या संग्रहालयाचा पाया घातला आणि ठिकठिकाणची जुनी लाकडी घरे आणून येथे उभी केली. सध्याची इमारत १९९८ मधली आहे. झाडांमध्ये मांडलेल्या जुन्या सापळ्यांपैकी एकापाशी मी बराच वेळ थांबलो. जड ओंडके एका बारीक खुंटीवर तोलून धरलेले, आमिष ओढताच ती खुंटी निसटावी आणि सगळा भार जनावरावर कोसळावा, अशी ती रचना. खिळा एकही दिसला नाही.

फिनलंडचा पेत्सामो हा प्रदेश १९४४ मध्ये सोव्हिएत संघाकडे गेल्यावर तेथील स्कोल्ट सामी या गटाचे पुनर्वसन याच परिसरात झाले. त्यामुळे आज इनारी तालुक्यात उत्तर सामी, इनारी सामी आणि स्कोल्ट सामी अशा तीन भाषा बोलल्या जातात. यांपैकी इनारी सामीचे भाषक जेमतेम काहीशे आहेत. ती लहान मुलांच्या तोंडून जवळजवळ नाहीशी झाली असताना १९९७ मध्ये तिच्यासाठी ‘भाषेचे घरटे’ सुरू झाले, म्हणजे जेथे दिवसभर तीच भाषा कानावर पडते असे पाळणाघर. या माहितीनंतर फलकांवरचा अनोळखी मजकूरही मी वाचल्यासारखा पाहू लागलो.

इवालोहून बसने येणाऱ्यांनी पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि पायांत बळ असेल तर पिएल्पायार्वीच्या लाकडी चर्चपर्यंत रानातून चालत जावे. १७६० मध्ये बांधलेले ते चर्च इनारी सामींच्या जुन्या हिवाळी वस्तीच्या जागी एकटेच उभे आहे, आणि आयोजकांच्या कागदावर त्याचे नावही नव्हते.